सुलभाताईंची कोरी चौकट

पक्षी दिसला की सुलभाताई बोलणं बंद करायच्या. दुर्बीण खाली आली की मुकाट्याने गाडीत जाऊन बसायचं, एकाने पुढे, एकाने मागे, आणि आपापला फॉर्म पेन्सिलीने भरायचा. चोच, छाती, पंखांवरचे पट्टे, शेपटीच्या वरची कंबर आणि सगळ्यात खाली नाव. दोन्ही फॉर्म पूर्ण होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, मग मला चहाची कितीही तल्लफ येवो.

ही पद्धत त्यांनी कारखान्यातून आणली होती. जर्मनीत रेगेन्सबर्गला त्यांनी सव्वीस वर्षं गाड्यांच्या रंगाची तपासणी केली. तिथे एकच दरवाजा दोघं जण वेगवेगळे तपासायचे आणि मगच कागद शेजारी ठेवायचे. "एकाने नाव घेतलं की दुसऱ्याला तेच दिसायला लागतं रे," त्या म्हणायच्या. "डोळा फार आज्ञाधारक असतो." निवृत्तीनंतर इथल्या पक्षीमित्रांच्या फेराइनने, म्हणजे संघाने, त्यांना हिवाळी मोजणीसाठी डोनाऊ नदीच्या काठची एक पट्टी दिली. सोबतीला कुणीतरी हवं होतं. मराठी मंडळात त्यांनी मला विचारलं आणि मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, म्हणून मी गेलो.

पहिल्याच हिवाळ्यात मी ऐटीत 'बर्गफिंक' लिहिलं. तो आणि नेहमीचा बुखफिंक थंडीत एकाच थव्यात चरतात आणि त्यांच्या माद्या तर बहिणी शोभतील अशा. बर्गफिंकची कंबर पांढरी असते, एवढीच खात्रीची खूण. ताईंनी विचारलं, "कंबर पाहिलीस?" मी म्हटलं, नाही, पण तोच असणार. "मग चौकट कोरी सोड. कोरी चौकट म्हणजे खोटं नव्हे." मी चाळिशीला टेकलेला इंजिनियर, पण कान लाल झाले.

त्यांचा खरा जीव मात्र रेडपोलांवर. मुठीत मावेल एवढा पक्षी, कपाळावर लाल ठिपका. ताई त्यांना टिकलीवाल्या म्हणत. साध्या रेडपोलांच्या थव्यात क्वचित एखादा उत्तरेकडचा आर्क्टिक रेडपोल येतो. तो जरा फिकट, चोच जरा लहान, आणि कंबर साफ पांढरी, एकही रेघ नाही. अकरा हिवाळे त्या त्याची वाट पाहत होत्या. असा दुर्मीळ पक्षी नोंदवायचा तर फेराइनला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

गेल्या वर्षी एप्रिलपासून गाडी मी चालवायला लागलो. पाठ दुखते, असं त्या म्हणाल्या. पण बसथांब्यावरची पाटीही त्या मलाच वाचायला लावत, आणि कपात चहा ओतताना तो हटकून बशीत जाई. मला कळत होतं. फेराइनला कळलं तर पट्टी जाईल, हेही कळत होतं. आम्ही दोघांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

जानेवारीतला रविवार. नदीकाठच्या झाडांच्या बारीक बोंडांना वीसेक टिकलीवाल्या लटकल्या होत्या आणि त्यांत एक पिठात लोळल्यासारखा पांढुरका. ताईंनी माझा दंड धरला. "आर्क्टिक," त्या हळूच म्हणाल्या. "तोच आहे, मंदार." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आधी नाव घेतलं. तेवढ्यात पक्ष्याने पंख सैल सोडले आणि मला त्याची कंबर स्वच्छ दिसली. तिच्यावर दोन गडद रेघा होत्या.

गाडीत बसलो. मागून त्यांची पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. माझी पेन्सिल कंबरेच्या चौकटीवर अडली होती. रेघा लिहाव्यात तर अकरा वर्षांचं वाट पाहणं पाण्यात, आणि कदाचित डोळ्यांचं गुपितही बाहेर. काचा आमच्या श्वासाने धुरकटल्या. शेवटी मी लिहिलं, 'साफ पांढरी', आणि खाली आर्क्टिक.

ताईंनी माझा फॉर्म घेतला. मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने, बराच वेळ वाचला. मग आपला माझ्या हातात दिला. कंबरेची चौकट कोरी होती. नावाचीही.

"मला कंबर दिसलीच नाही," त्या म्हणाल्या. "मधोमध डाग आलाय. जिथे बघावं नेमकं तिथेच काही नसतं."

"मला माहीत होतं, ताई."

"तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. म्हणून तर येत राहिले. तोंडातून नाव निसटलं, ते चुकलंच माझं. पण तू खरंच पाहिलीस ना? साफ होती?"

तेव्हाही खोटं रेटता आलं असतं. "दोन रेघा होत्या," मी म्हणालो. "ठळक."

काच पुसून त्या बाहेर बघत राहिल्या. मी माफी मागितली, राग आला का विचारलं.

"राग कसला? मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस, कळतं मला." मग अगदी साध्या आवाजात, "पण मी तुझ्या डोळ्यांनी बघत होते रे. आता कुणाच्या बघू?"

सोमवारी त्यांनी फेराइनला फोन करून पट्टी सोडली आणि त्यासाठी माझंच नाव सुचवलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आजही मंडळात भेटलो की त्या माझ्या मुलीची चौकशी करतात, डब्यात चिवडा भरून देतात. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नाही. पक्ष्यांबद्दल मात्र एका शब्दाने विचारत नाहीत. विचारलं तर मी खरं तेच सांगेन, पण ते खरं आहे हे त्यांना आता कशावरून कळणार?