खऱ्या गालिच्याची कड

उल्हास सोलापूरच्या मागांवर वाढलेला. सिंगापूरच्या एका गालिच्यांच्या दुकानात तो सतरा वर्षं विक्रेता होता. अमेरिकेतल्या नावाहो जमातीच्या बायकांनी विणलेले गालिचे मालक पूर्वी थेट तिथून मागवायचा, आणि उल्हास त्यांची गावं लांबूनच ओळखायचा. मेंढ्यांची करडी, तपकिरी, काळी लोकर न रंगवता वापरलेली आणि भोवती गडद किनार, तो टू ग्रे हिल्सचा. लालभडक जमीन असली की गनाडोचा. झाडपाल्याच्या रंगांचे नुसते आडवे पट्टे, किनारच नाही, तो वाइड रुइन्सचा. मी तुआसच्या कारखान्यात काम करणारा इंजिनिअर. मला गालिचा म्हणजे पाय पुसायची वस्तू. तरी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये चहा थंड होईपर्यंत मी हे पुराण ऐकायचो.

"नक्षी काय, कोणीही उचलतो रे," तो म्हणायचा. "कड बघ. त्या बायका एकच उभा धागा वरखाली फिरवून माग लावतात. तो कापतच नाहीत. नकलेत कापलेली टोकं आत खोचलेली असतात, तिथे अंगठ्याला जाड लागतं."

२०१४ मध्ये मालकाने खरा माल मागवणं बंद केलं. हुबेहूब नकला आणल्या, त्याही आपल्याच देशातून, आणि त्यांना जुनीच लेबलं लावायला सांगितली. उल्हासचा वर्क पास तेव्हाच संपत होता. मालकाने तो वाढवला नाही तर महिन्याभरात सगळं बिऱ्हाड भारतात, आणि मुलीची, गार्गीची, ओ लेव्हलची, म्हणजे तिकडच्या दहावीची, परीक्षा तोंडावर आलेली. इकडे आड, तिकडे विहीर.

त्याच आठवड्यात माझ्या ओळखीतली मधुवंती दुकानात गेली. बँकेतली नोकरी, ईस्ट कोस्टला नवा कॉन्डो, स्वभावाने सरळ मुलगी. तिला मीच पाठवलं होतं. म्हटलं, उल्हास आपला माणूस आहे, फसवणार नाही. तिने टू ग्रे हिल्स पसंत केला आणि विचारलं, "काका, हा खरा आहे ना?"

मालक शेजारीच उभा होता. उल्हास म्हणाला, "खरा आहे."

पास वाढवून मिळाला. गार्गीची परीक्षाही पार पडली.

सहा महिन्यांनी एका प्रदर्शनासाठी एक नावाहो विणकर बाई सिंगापूरला आल्या. मधुवंतीने त्यांना मोठ्या हौसेने घरी जेवायला नेलं. बाईंनी गालिच्याची कड चाचपली आणि हात मागे घेतला. मधुवंतीने खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी खरं सांगितलं.

दुकानात येऊन तिने आवाज चढवला नाही. मालक पैसे परत द्यायला निघाला, तेव्हा ती उल्हासकडे वळली. "काका, दुकानाला मी विचारलंच नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

हे उल्हासनेच मला सांगितलं. मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं, ह्याचा त्याहून जास्त आला.

पुढच्या वर्षी मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन कुटुंबाने आपला जुना गनाडो दुकानाला विकला. उल्हासने मला मुद्दाम बोलावून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

"प्रबोध, हा खरा आहे," तो म्हणाला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मालकाने सांगायला सांगितलंय का?"

पंधरा वर्षांची आमची मैत्री. तो गालिचा गुंडाळायला लागला. मी दुसरं टोक धरायला वाकलो, तर म्हणाला, "राहू दे."