लेकरू काठावर होतं

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी आधी हसते आणि मग वाद घालते. खोडच आहे ती. धर्मांतरानंतर आमच्या वडिलांनी घरातले देव उचलून नदीत सोडले आणि आम्हा भावंडांना बजावलं, देव गेले, त्यांच्यासोबत भुतंही गेली. अंगारे, उतारे, दृष्ट... कशालाच घरात थारा नव्हता. पुढे मी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले आणि सगळी नोकरी पोरांना 'असं काही नसतं' हे सांगण्यात गेली. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण मागच्या वर्षी माझे यजमान गेले, आणि माझ्याखेरीज त्या दिवसाचा शेवटचा साक्षीदारही आता उरला नाही. म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आताचा वाशिम जिल्हा तेव्हा अकोल्यात होता. मालेगावहून शिरपूर जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळून एका व्यापाऱ्याचं शेत होतं. त्यात त्याने स्वतःच्या हौसेने तळं बांधलं होतं, मासे सोडले होते आणि रविवारी ओळखीपाळखीच्या लोकांना तो गळ टाकायला बोलवायचा. कधी हातात गळाची काठी न धरलेला माणूस असो की मुरलेला मासेमार, गंगाराम नावाचा भोई सगळ्यांना डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, तळ्यात न्यायचा, गळाला कणकेची गोळी कशी लावायची ते शिकवायचा आणि मासा लागला की मालकापेक्षा जास्त खूश व्हायचा. आमचे 'हे' ग्रामसेवक, त्यामुळे आमंत्रण आलं. मलाही भारी हौस! आसेगावला माहेरी लहानपणी नाल्यावर भावांसोबत झिंगे धरले होते, तेवढाच काय तो अनुभव.

हिवाळ्याचे दिवस होते. आजूबाजूला कापसाचा वेचा चालू होता. आमची पहिली मुलगी सुजाता पाच महिन्यांची होती, तिलाही घेऊन गेलो. पोरगी फक्त अंगावर प्यायची – बाटली नाही, चमचा नाही, दुसरं काही तोंडात गेलं की थुंकून टाकायची. डोंगा लहान, एका वेळी गंगाराम आणि एकच पाहुणा. आधी हे गेले आणि हात हलवत परत आले. दुपारचं जेवण झाल्यावर माझी पाळी. मी पोरीला पाजलं, यांच्या मांडीवर झोपवलं आणि पदर खोचून निघाले.

डोंग्यात पाय ठेवणार तोच गंगारामने विचारलं, "बाई, लेकरू अंगावर पेते काय?"

"हो. काहून?"

"मंग त्याचं एखांदं फडकं घ्या संगं. डोंग्याले बांधून ठिवतो."

"कायले?"

"माही माय सांगे. पेतं लेकरू काठावर ठिवून बाई पान्यात गेली तं फडकं लागते म्हने."

मी हसले. "भाऊ, आमच्यात असलं काही नसते. चाला तुमी." यांनीही काठावरून दात काढले – "तिले नका सांगू, तुमालेच शाळेत बसवीन ते!" गंगारामही हसला आणि त्याने वल्हं हातात घेतलं.

तळं काही फार मोठं नव्हतं. या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जावी, इतकंच. मध्यावर जाऊन गंगारामने दोर बांधलेला दगड पाण्यात सोडला, डोंगा थांबला. मी गळ टाकला. पिसाचा तरंगा डुगडुगायचा आणि मी उगीच ओरडायचे. एक रोहू लागलासुद्धा, गंगारामने जाळीत घेतला. इतकी मजा मला लग्नानंतर पहिल्यांदाच आली असेल.

मग पोरगी रडायला लागली.

"चला भाऊ, लेकरू उठलं," मी म्हटलं. त्याने दगड वर ओढून डोंग्यात ठेवला आणि वल्हवायला लागला. मी काठाकडे तोंड करून बसले होते. हे पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं – हे आहेत तेवढेच लांब दिसताहेत. वल्ह्याचा आवाज येतोय, पाणी डोंग्याच्या अंगाला घासून मागे जातंय, पण काठ जवळ येत नाही.

"भाऊ, हळू काहून चालून राह्यले?"

त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने वळून दगड पाहिला, दोर पाहिला. दगड आमच्या पायापाशीच होता, दोर अर्धा ओला, गुंडाळून ठेवलेला. खाली काही अडकलं का म्हणून त्याने बांबू घालून चाचपलं. काही नव्हतं. वारा तर मुळीच नव्हता. मी दुसरं वल्हं घेतलं. दोघांनी मिळून मारलं, मारलं... माझ्या तळहाताला फोड आले आणि काठ होता तिथेच.

मी यांना हाका मारल्या. आमच्याकडे बघून यांनी हात हलवला! मजेत, जसा स्टेशनवर हलवतात तसा. मी ओरडतेय, रडकुंडीला आलेय, आणि हे हात हलवताहेत. पोरीचं रडणं मात्र मला अगदी कानाशी ऐकू येत होतं. ते नुसतं रडणं राहिलं नव्हतं. भुकेने श्वास अडकेपर्यंत लेकरू टाहो फोडतं ना, तसं. आया असतील त्यांना सांगायला नको. माझा पान्हा फुटला, ब्लाउज भिजला, छाती दगडासारखी झाली. लेकरू समोर, दूध अंगात, आणि मी त्या लाकडात डांबलेली.

"भाऊ, काही करा! मले पोहता नाही येत!"

गंगारामने सदरा काढला, दोर कमरेला बांधला आणि उडी मारली. ओढत नेतो म्हणाला. पट्टीचा पोहणारा माणूस. तो हात मारत राहिला, पाणी उडत राहिलं आणि त्याचं डोकं डोंग्यापासून तेवढ्याच अंतरावर राहिलं. शेवटी मीच दोर ओढून त्याला परत घेतला.

"बाई... मी पोहून राह्यलो, पन जागचा हालून नाई राह्यलो."

"असं कधी झालं होतं काय?"

"नाई जी. कधीच नाई."

"मंग ते फडक्याचं?"

"ते माय सांगे म्हनून सांगतलं. त्याच्यानं काय होते, मले काय मालूम!" आणि तो बाप्या माणूस चक्क रडायला लागला. मला त्याचा इतका राग आला. त्याच्याजवळ एखादा मंत्र असता तर मी तोही म्हटला असता, खरं सांगते. वडिलांची शिकवण, माझी नोकरी, सगळं बाजूला ठेवून मी हात जोडले. कुणाला, ते ठाऊक नाही. काहीच झालं नाही. पोरगी रडतच होती.

तेवढ्यात हे तिला घेऊन काठावरच्या बाभळीआड गेले. मला दिसेनासे झाले. आणि रडणं थांबलं.

त्याच वेळी माझी छाती हलकी होऊ लागली. कसं सांगू... पोरगी पिताना जसं वाटतं, अगदी तसंच. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मी पदराआड हात घालून पाहिलं. नवीन काही सांडत नव्हतं. दूध उतरत होतं, पण जात कुठे होतं? दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या आणि डोंग्याला हिसका बसला. गंगारामने वल्हं मारलं, काठ जवळ यायला लागला.

मी चिखलातच उडी टाकली आणि बाभळीकडे धावले. पोरगी यांच्या मांडीवर गाढ झोपलेली. पोट टम्म, ओठांच्या कोपऱ्यात दूध.

"काय पाजलं हिले?" मी ओरडलेच.

हे माझ्याकडे बघतच राहिले. "म्या कायले पाजू? आत्ता तं तू पाजून गेली."

"मी डोंग्यात होती!"

"अशी कशी? मी इथं आलो तं तू बसलेलीच होती, पाठमोरी. म्हनलं, डोंगा लागला असन. हात मागं केले, म्या पोरगी देली. पाजून झाल्यावर परत देली अन् तिकून खाली पान्याकडं गेली. बोलली नाई म्हनून मले वाटलं, रागावली असन." मग माझ्या साडीकडे बघून म्हणाले, "तवा तं तू पुरी वली होती. केसातून पानी गळून राह्यलं होतं."

माझे केस कोरडे होते.

शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना मी पुढे विचारलं. ते म्हणाले, घाबरल्यावर माणसाला वेळेचं, अंतराचं भान राहत नाही, आणि भीतीने दूध आटतं. असेल. पण भीतीने लेकराचं पोट भरत नाही. आणि गंगाराम? तो तर माझ्यासमोर पोहला होता. यांना मी कितीदा खोदून विचारलं, चेहरा पाहिला का? शेवटपर्यंत एकच उत्तर – "तूच होती. दुसऱ्या कोनाच्या हाती मी लेकरू देईन काय?"

या एका वाक्यापुढे माझे सगळे वाद संपतात. लोकांना वाटेल मला त्या बाईची भीती वाटते. नाही वाटत. आधी मला तिचा भयंकर राग आला होता, माझं लेकरू तिने छातीशी धरलं म्हणून. तो राग कधी गेला ते कळलं नाही. आज सुजाताला स्वतःची नातवंडं आहेत, आणि हे काय होतं याचं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच ठाऊक आहे की त्या दुपारी माझी मुलगी भुकेने रडत होती आणि तिला तिच्या आईनेच जवळ घेतलं, असं तिचा बाप मरेपर्यंत सांगत राहिला. ती आई मी नव्हते.