गोदामातली शिंक

व्यायामवाल्या ताईंचे हात लोखंडाचे, पण खरं औषध त्यांच्या जिभेवर होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांच्या घरी जाऊन त्यांचे पाय वाकवायचे, हे त्यांचं काम. माणूस दुखण्याला भितो, पण अर्ध्या गोष्टीने त्याहून जास्त तळमळतो, हा त्यांचा शोध. म्हणून पाय वाकेल तेवढीच गोष्ट पुढे सरकायची.

टेलरकाका म्हणजे हट्टाचा गठ्ठा. जन्मभर लोकांच्या विजारी उसवून शिवल्या, पण स्वतःचा गुडघा शिवून घेतल्यावर तो हलवायला तयार नाहीत. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "कुलूपबंद गोदाम. आत कोणी नाही. बाहेर रखवालदार. आणि आतून शिंक आली."

"कोण शिंकलं?"

"टाच मागे घ्या, सांगते."

टाच मागे गेली, तसा रखवालदार उठला. काकांनी कण्हत ती आणखी मागे घेतली, तेव्हा कुठे त्याने टॉर्च शोधला. असं करत करत काका वॉकर धरून चालायला लागले, तरी रखवालदार दाराशीच.

शुक्रवारी ताईंनी कहर केला. रखवालदाराने किल्ली फिरवली, दार ढकललं, पोत्यांमागे टॉर्च मारला आणि...

"आता सोमवारी," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. काकांचा चेहरा आठवून जिना उतरताना त्या हसल्या. नंतर त्या हसण्याचीच त्यांना लाज वाटत राहिली.

कारण शनिवारी सुनेचा फोन आला. काका वॉकर न घेता हॉलकडे निघाले आणि आपटले. हाड वाचलं, पण गुडघा टम्म सुजलेला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून.

ताई धावत गेल्या. सुनेने चहा पुढे केला. "काय सुचलं यांना, देव जाणे. म्हणतात, खिडकी लावायला उठलो. सगळ्या खिडक्या बंदच होत्या हो."

हॉलमध्ये फोन होता. त्याच्या वर भिंतीला ताईंचाच नंबर चिकटवलेला, मोठ्या आकड्यांत. काकांनी पलंगावरून हळूच मान हलवली. गप्प बसा, म्हणून. काकांनीच आपल्याला सांभाळून घ्यावं, हे बघून ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"खिडकी नाही," त्या म्हणाल्या. "मला फोन करायला उठले. मी गोष्ट अशा जागी तोडली, की माणूस बसून राहूच शकत नाही. चूक माझी आहे."

गोष्ट सुनेने स्वयंपाकघरातून ऐकलेलीच होती. "म्हणजे एका शिंकेपायी?"

"शिंकेपायी." मग काकांकडे वळून ताईंनी एका दमात सांगून टाकलं, "रखवालदाराचा मेव्हणा होता. घरी भांडण झालं की पोत्यांमागे झोपायचा. संपलं."

काका छताकडे बघत राहिले. "मेव्हण्यासाठी मी इतका कळवळलो?"

"पण कुलूप तर बाहेरून होतं," सून म्हणाली. "ते कोण लावायचं?"

ताईंच्या तोंडात 'सोमवारी' आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. "रखवालदाराची बायको. मेव्हण्याची बहीणच ना ती."

"सगळं असं भराभर सांगणार असाल," काका पुटपुटले, "तर हा पाय तुम्हीच घेऊन जा."

सोमवारपासून नवी गोष्ट सुरू झाली. ताई आजही अडवून धरतात, पण टाच हलेपर्यंतच. पिशवी उचलण्याआधी त्या दिवसाचं दार उघडून आत कोण आहे ते दाखवतात. आणि वॉकर काकांच्या हाताशी आहे ना, हे बघितल्याशिवाय जिना उतरत नाहीत.