लग्नाच्या चित्रावरची देवी

जळगावात तेव्हा लग्नघर शोधायला पत्ता विचारावा लागत नसे. गल्लीत शिरलं की रंगवलेली भिंत दिसायची आणि माणूस बरोबर तिथं थांबायचा. घरात कार्य ठरलं की आधी भटजी, मग आचारी आणि तिसरा पेंटर. तो तिसरा मी. साठ सालानंतरची दहा-पंधरा वर्षं मी पिंप्राळ्याहून सायकलवर शिडी बांधून निघायचो आणि लोकांच्या भिंतींवर गणपती, केळीचे खांब, बंदूकवाले शिपाई आणि हत्ती काढायचो. खाली ठळक अक्षरांत नवऱ्याचं आणि नवरीचं नाव.

त्या कामाची आठवण आली की लोक म्हणतात, वा, काय कला होती. कसली डोंबलाची कला. शेजाऱ्याकडे दोन हत्ती काढलेत तर आमच्याकडे चार पाहिजेत, एवढंच असायचं. भिंत दहा हातांची, चार हत्ती बसवायचे कुठं? मग हत्ती डुकराएवढे व्हायचे, पण आकडा चारच. एकानं तर शिपायाला स्वतःसारख्या मिशा काढून घेतल्या आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवल्या. मी काढायचो. हाताला सवय होती आणि पोटाला गरज.

पण एक नियम सगळ्या गल्ल्यांत पाळायचे. लग्नाचं चित्र हातानं पुसायचं नाही. पुढच्या कार्यापर्यंत ते राहणार, किंवा पावसापाण्यानं जाईल तेव्हा जाईल. पुसणं म्हणजे घरातल्या सुनेचं कुंकू पुसणं, असं म्हाताऱ्या बायका सांगायच्या. त्यामुळं मी जुन्या गावातून जाताना भिंती वाचत जायचो. ही नांदतेय, ही माहेरी बसलीय, हिचा नवरा दुसऱ्या बाईकडे राहतो. माणसांची तोंडं गप्प आणि भिंतीवर नावं उघडी. मला सगळं ठाऊक असायचं आणि मी कधी कुणाजवळ बोललो नाही. माझ्या उस्तादानं मला हेच शिकवलं होतं. ज्याच्या भिंतीला शिडी लावली, त्याचं उणं बोलायचं नाही. हे इमान आहे असं मला वाटायचं. आता त्या इमानाची शिसारी येते.

एका किराणा दुकानदाराचं घर होतं. बापाला सगळी गल्ली नाना म्हणायची, आईला अक्का. एकुलत्या मुलाच्या लग्नात त्यांच्या भिंतीवर मीच चित्र काढलं होतं. नवरी नशिराबादची. लग्नानंतर आठ दिवसांनी मी राहिलेला कोपरा रंगवायला गेलो तर ती दारात उभी राहून चित्र बघत होती. म्हणाली, "भाऊ, हत्तीचे डोळे माणसासारखे का काढले?" मी म्हटलं, मला हत्तीचे येत नाहीत. ती खळखळून हसली आणि आतून अक्कांची हाक आली तशी लगेच हसू गिळून आत गेली.

दीड वर्ष ती त्या घरात होती. तिला जेवायला सगळ्यांत शेवटी, तेही उरलं तर. दोनदा ती माहेरी पळाली आणि दोनदा तिच्या भावानं आणून सोडलं. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. एका सकाळी ती मागच्या अंगणातल्या आडात सापडली. पाय घसरला, असं नाना म्हणाले. पाय घसरला, असं सगळी गल्ली म्हणाली.

त्या आडावर आजूबाजूची आठ-दहा घरं पाणी भरायची. पोरीला काढून नेऊन दिवस उलटला नाही तोच ओट्याओट्यांवर चर्चा सुरू झाली, की आता पाणी कसं प्यायचं? सगळं उपसायचं की थोडं उपसून पोटॅश टाकलं की चालेल? मी सायकल हातात धरून ते ऐकत होतो. अठरा-एकोणीस वर्षांची पोर गेली आणि ह्यांना हंड्याची पडली होती. पण मी तरी काय दिवे लावले? मान खाली घातली आणि पुढच्या भिंतीवर गेलो.

वर्ष सरायच्या आत नानांनी मला बोलावलं. मुलासाठी स्थळ येणार होतं, पारोळ्याकडचं. भिंतीवर पहिलीचं नाव अजून वाचता येत होतं. पाहुण्यांना बायको तापानं गेली असं कळवलेलं होतं, पण नाव बघून कुणी काही विचारायला लागलं तर विषय वाढेल म्हणून ते नको होतं. पुसायचं तर गल्ली बोलणार. मग अक्कांनीच तोड काढली. म्हणाल्या, "पेंटर, वरून देवी काढ. मोठी, वाघावर बसलेली. देवीवर कोणी बोट ठेवत नाही."

लग्नाची चित्रं मी डिंकात कालवलेल्या पावडरच्या रंगात करायचो, दोन-तीन पावसाळ्यांत ती जायची. देवी मात्र ऑइल पेंटमध्ये कर, असं नानांनी बजावलं. ती राहायला हवी होती. मी पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. आधी हत्ती गेले, मग शिपाई, मग मुलाचं नाव. तिच्या नावावर मला तीनदा रंग द्यावा लागला, कारण ते मीच दाट काढलं होतं.

देवी अर्धी झाली होती तेव्हा तो माणूस आला. धोतर, टोपी, पायात जाड वहाणा, हातात पिशवी. आमच्याकडे पोरीचा बाप चौकशीला आला की शेजाऱ्याला विचारत नाही. शेजारी एक तर घरोब्यातला असतो नाही तर वैरी. तो न्हाव्याला विचारतो, दूधवाल्याला विचारतो, कामावर आलेल्या गवंड्याला विचारतो. ह्यानं शिडीखाली उभं राहून आधी देवीला हात जोडले. मग घरातली माणसं कशी आहेत ते अहिराणीत विचारलं, "भाऊ, मन्ही पोर देनी शे आठे. लोके कसा शेतस?"

गल्लीत तेव्हा चिटपाखरू नव्हतं. नाना दुकानात, अक्का आत झोपलेल्या. मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी हात धरला नव्हता. मी ब्रश वाघाच्या पाठीवरून न काढता म्हणालो, "चांगला शेतस."

"नक्की?"

"देवमाणसं आहेत, आबा. बघा की, दारावर देवी काढून घेतायत."

त्याचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणाला, देवीचं काम करणारा माणूस खोटं कशाला बोलेल. पिशवीतून दोन मुठी भुईमुगाच्या शेंगा काढून त्यानं शिडीच्या पायरीवर ठेवल्या आणि गेला. मी त्या शेंगा खाल्ल्या. आज लिहितानाही थुंकावंसं वाटतं.

लग्न झालं. ह्या वेळी देवीच्या पायाशी नुसती दोघांची नावं घातली, हत्ती नाहीत. आणि मग सगळ्यांत किळसवाणा प्रकार सुरू झाला. अक्कांनी गल्लीत सांगितलं की देवीनं स्वप्नात येऊन जागा मागितली. दुसरी बाई म्हणाली, पहिली सून मुळात देवीचीच होती, देवीनं तिला पाण्यातून नेलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं झालं. जिला जिवंतपणी धड भाकरी मिळाली नाही, ती किती भक्तिमान होती ह्याच्या कथा रंगू लागल्या. मंगळवारी उदबत्त्या, नवरात्रात नारळ. धुळ्याहून एक जण मला शोधत आला, आमच्याही बोळात तसली देवी काढून द्या म्हणून. मी गेलो आणि काढून दिली. तिथं जळगावच्या देवीची हकीकत विचारली तेव्हा तीही सांगितली, दोन-चार पदरच्या गोष्टी घालून.

नानांच्या देवीवर दर नवरात्राआधी मी रंगाचा हात मारायचो. तिसऱ्या वर्षी गेलो तर दुसरी सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. लग्नात भरलेल्या अंगाची होती, आता हातातल्या बांगड्या दंडावर चढल्या असत्या इतकी वाळली होती. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "भाऊ, एक काम कराल? मागच्या आडावर फळ्या टाकून घ्या म्हणावं नानांना. तुमचं ऐकतील."

"का गं?"

"मला भीती वाटते. दुसऱ्या कोणाची नाही, माझीच."

मी शिडीवरून उतरलो. ती पुढं म्हणाली, "मी ह्या स्थळाला नाहीच म्हणत होते. माझे आबा म्हणाले, देवी काढणाऱ्या माणसाला विचारून आलोय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो माणूस मीच, हे तिला माहीत होतं की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

मी दुकानात जाऊन नानांना फळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, "तुझं काम भिंतीचं. आडाचं आम्ही बघू." आणि गिऱ्हाइकाला साखर बांधू लागले.

मी शिडी भिंतीपाशीच टाकली आणि एस.टी. धरून पारोळ्याला गेलो. तिथून तिचं गाव तासाभराच्या चालीवर. तिचा बाप ओट्यावर बसला होता. मला बघून ओळखीचं हसला, बायकोला चहा टाकायला सांगितला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आड सांगितला, पहिलीचं नाव सांगितलं, तिच्या नावावर दिलेले रंगाचे तीन हात सांगितले. त्यानं टोपी घातली, वहाणा घातल्या आणि तो चालू लागला. मी मागोमाग.

जळगावात पोचल्यावर तो नानांशी भांडला नाही. पोरीची आई आजारी आहे म्हणाला आणि नेसत्या लुगड्यानिशी तिला बाहेर काढलं. ती पुन्हा त्या घरात गेली नाही, हे आत्ताच सांगून टाकतो, नाही तर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागेल. गल्लीनं मात्र ठरवलं की तिला देवी सोसली नाही.

स्टँडवर पारोळ्याची गाडी लागायला वेळ होता. पोरगी बाकावर बसली होती, मी जरा लांब उभा होतो. बाप माझ्याकडे आला. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता समोर उभा राहिला. शिडीखालून त्यानं मला भाऊ म्हटलं होतं. आता अरे-तुरेवर आला.

"धाकलीनं स्थळ येयेल शे, धुयानं," तो म्हणाला. धाकट्या मुलीला धुळ्याचं स्थळ आलं होतं. "आते मी कोणले इचारू, सांग."

त्यानं खरंच उत्तराची वाट पाहिली. गाडी लागली तेव्हा पोरीला हाताला धरून तो चढला, आणि मी तिथंच उभा राहिलो.