दगडासमोरचे बूट

मुलांनो, कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश मोहिमेच्या तळावर, स्मारकापाशी काढलेला तुमचा फोटो आज आला, म्हणून हे लिहिते.

तुमचा बाबा जर्मनीत बॉबलिंगेनला नोकरीला असताना मी आणि आजोबांनी तिथल्या जंगलात असाच एक स्मारकाचा दगड पाहिला. काही शतकांपूर्वी तिथे स्पॅनिश सैन्याचा मुक्काम पडला होता. मी गाडीतून पाणी घेऊन परतले, तर दगडासमोर आजोबांचे नुसते बूट. त्यांची बायपास नुकतीच झालेली, गोळ्या माझ्या पर्समध्ये. ओल्या पानांचा वास कोंदला होता आणि मी हाका मारत राहिले.

बऱ्याच वेळाने ते झाडीतून अनवाणी आले, हातात फळांनी जांभळा झालेला रुमाल.

"अहो, बूट का काढलेत?"

"दगडाला कुणीतरी फुलं वाहिली होती ना. मग पलीकडे करवंदांसारखं काहीतरी दिसलं. तुला आवडतात."

मी दिवसभर अबोला धरला. त्या दिवशी ते परत आले, हेच आता मोठे वाटते. तो रुमाल माझ्याकडे आहे.