राबाची सावड

कर्जतहून कडावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी भातखाचरे पसरलेली आहेत, त्यांच्या वर्षाचा आरंभ अग्नीने होतो. चैत्र-वैशाखात खाचराच्या एका तुकड्यावर शेण अंथरायचे, त्यावर ऐन-किंजळाच्या सुक्या फांद्या आणि पाला, त्यावर गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. मग वारा पडलेला पाहून कडेला पेटती चूड लावायची. यालाच राब म्हणतात. भाजून निघालेल्या त्या तुकड्यात पुढे भाताचे बी पडते आणि तिथली रोपे साऱ्या शेताला पुरतात. पूर्वजांनी अग्नीकडून करवून घेतलेली ही मशागत आहे. तिच्यात श्रद्धा आहे, आणि फार जुन्या श्रद्धेला हळूहळू जी बेफिकिरी चिकटते तीही आहे. धूर थांबला की राब विझला, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. मातीखालचे शेण मात्र निखारा पोटात धरून सावकाश जळत असते, आणि त्याचा धूर दिसत नाही.

चंदरनेही आयुष्यभर असेच मानले होते. कडावच्या अलीकडच्या एका गावात, खालच्या अंगाला जी बौद्धवाडी आहे, तिथे त्याचे घर. उमेदीची वर्षे खालापूरकडच्या एका कागद गिरणीत गेली. निवृत्तीनंतर घरचे दोन तुकडे भात आणि एक म्हैस एवढ्यावर तो आणि बायको पुतळाबाई समाधानाने राहत होती. मुलगी दर्शना लग्न होऊन शेलूच्या नव्या वसाहतीत गेली होती. गिरणीत कागदाच्या गठ्ठ्यांपाशी विडीसुद्धा पेटू न देणारा हा माणूस स्वतःच्या शेतात राब लावून खुशाल जेवायला घरी जाई. गिरणीची आग वेगळी आणि राबाची वेगळी, अशी त्याच्या मनाने दोन दालने केली होती. गावात प्रत्येकाचीच तशी होती.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात नागूने राब लावला. नागू वरच्या आळीतला, चंदरचा शाळेपासूनचा सोबती. वरच्या आळीत त्याचा शब्द चाले. त्याचे खाचर वरच्या अंगाच्या शेतातल्या चंदरच्या गोठ्याला लागून होते. धूर थांबला, आणि नागू भाच्याच्या हळदीला जेवायला गेला. दुपार कलताना पश्चिमेचा वारा सुटला. गोठ्याच्या माळ्यावर पेंढा भरलेला होता. चंदर त्या वेळी कडावच्या बाजारात होता. पुतळाबाई दावे सोडायला आत शिरली. म्हैस बाहेर आली. पाठोपाठ माळा खाली आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैस रेकू लागली. तिची कास भरून आली होती. घर माणसांनी भरलेले, कुणाला काही सुचत नव्हते. चंदर उठला, चरवी घेतली, आणि होरपळलेल्या पाठीच्या त्या जनावराखाली बसून त्याने दूध काढले. पुतळाबाईवाचून त्या म्हशीला आजवर कुणी हात लावला नव्हता. ती निमूट उभी राहिली. त्या उभे राहण्यानेच तो तिथे मोडून पडला.

पुतळाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात वाडी जमली. वंदना झाली, चार माणसे गुण बोलली. मग चंदर उभा राहिला. त्याला भाषण येत नसे. तो म्हणाला, "तिच्या नावानं मला कायबी दान नको. दर घरानं एक माणूस द्या. ज्याच्या घरचा राब असंल, त्याच्या बांधावर सगळ्यांनी यायचं. ओलं गोणपाट आणि हंडा घेऊन. मातीवर तळहात ठेवायचा. हाताला सोसलं तरच उठायचं. तवर कुणी घरला जायचं नाय."

लावणीला एकमेकांच्या शेतात राबण्याची जी सावड इथे पूर्वापार आहे, तिलाच त्याने अग्नीच्या पहाऱ्याला जुंपले. आज तू माझ्या बांधावर, उद्या मी तुझ्या. मोबदला नाही, उपकारही नाही. शब्द जुना होता म्हणून माणसांना काम नवे वाटले नाही. दर्शनाने मोबाइलवर गट काढला आणि शेलूहून रविवारी येऊन सर्वांना बजावले, "यात फक्त कुणाचा राब कधी, एवढंच टाकायचं. गुड मॉर्निंगची फुलं टाकील त्याला मी काढून टाकीन." दत्ता या शेजाऱ्याने पहिल्याच सकाळी गुलाब टाकला, आणि त्याला काढण्यात आले. तेव्हापासून तो चंदरच्या ओटीवर येऊन विचारायचा, "आज कुणाचा राब रं? आमाला कुटं कळतंय, आमी वाळीत हाव!"

वाडीचे राब दोन हंगाम निर्विघ्न गेले. वरची आळी मात्र आली नाही. चंदरने नागूवर डूख धरून हे सगळे उभारले आहे, असे तिथे बोलले जाई. नागूने त्या वैशाखापासून स्वतःच्या शेतात अग्नी नेलाच नव्हता. रोपे विकत आणून तो लावणी करी. त्याच्या आळीतले बाकीचे लोक मात्र जुन्याच रीतीने राब लावीत, आणि धूर थांबला की जेवायला जात.

वाऱ्याला आळी ठाऊक नसते. यंदा चैत्र संपता संपता वरच्या आळीतल्या एका राबाची ठिणगी उडून दत्ताच्या पेंढ्याची उडवी जळाली. माणूस वाचला, जनावर वाचले, पण दत्ताची बायको सोनाबाई, जिने आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिले नव्हते, ती जळक्या उडवीपाशी उभी राहून चंदरला म्हणाली, "भावजी, तुमची सावड आर्ध्या गावाची. आर्ध्या गावाची सावड म्हंजे आर्धं धोतर. नेसलं तरी लाज जात नाय."

चंदरने मान खाली घातली. ती म्हणत होती ते खरे होते, आणि ते करायचे कसे हेही तो जाणून होता. नागू आला तर त्याची आळी येणार होती.

दुधाचा टेंपो चालवणारा हरेश हा नागूचा पुतण्या. दोन्हीकडे त्याचे जाणे-येणे होते. पाण्याचे ड्रम तोच फुकट वाहून आणी. तो निरोप घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला.

"काका यायला तयार हाय," तो म्हणाला. "आळीबी येईल. पण एक बोलतो तो. म्हणतो, चंदरनं सगळ्यांसमोर बोलावं की माज्या मनात तुज्याबद्दल कायबी नाय. मंग येतो."

ओटीवर दत्ता होता, दर्शना होती. दोघांनाही सुटल्यासारखे वाटले.

"बास? एवडंच?" दत्ता म्हणाला. "आरं, बोलून टाक. जिभेला हाड नाय."

"मला जमणार नाय," चंदर म्हणाला.

"आबा, एक वाक्य आहे," दर्शना हळूच म्हणाली.

"खोटं हाय ते, बाय."

हरेशने हातातली किल्ली फिरवली. "तुमी दोगं म्हातारे म्हंजे बंद पडलेला यष्टीचा थांबा. गाडी येत नाय, आन माणूस उठत नाय."

कुणी हसले नाही.

प्रत्येक पौर्णिमेला विहारात चंदर जी पाच शीले ग्रहण करी, त्यांतले चौथे असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्याने ते पाठ केले होते. पाठांतर ओठांवरच राहते असे आपण समजतो; ते कधी हाडांत उतरते हे माणसालाही कळत नाही. दत्ता समजावीत राहिला, "एका खोट्यानं एक गोठा वाचला, तर पाप कसलं?" दोष कुणाचा, याचे गणित चंदरने स्वतः कितीदा मांडले होते. नागूने तेच केले, जे चंदरने स्वतः कितीतरी वैशाखांत केले होते. वारा फिरला असता तर चंदरच्या राबाने मोतीबाई, नागूची बायको, गेली असती. बुद्धी नागूला केव्हाच निर्दोष सोडून मोकळी झाली होती. मन सोडत नव्हते. हळदीच्या जेवणावरून धावत आलेला नागू, त्याच्या गालाला लागलेली हळद, एवढेच चित्र मन धरून बसले होते. त्या पिवळ्या बोटाच्या खुणेची त्याला चीड येई, आणि त्या चिडेची लाज वाटे.

दुसऱ्या सकाळी दूध काढताना त्याने ते वाक्य उच्चारून पाहिले. जवळ कुणी नव्हते. "माज्या मनात," तो म्हणाला, आणि थांबला. म्हशीने मान वळवून पाहिले. तिच्या पाठीवर जिथे केस पुन्हा उगवले नव्हते, तो चट्टा त्याच्या डोळ्यांसमोर होता. जनावरासमोरही ते वाक्य पुरे झाले नाही.

त्याच दिवशी, कुणाला न सांगता, तो वरच्या आळीत गेला. तीन वर्षांत प्रथमच. नागू ओटीवर दोर वळीत बसला होता. चंदरला पाहून त्याचे हात थांबले. मोतीबाई दारात आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"बस," नागू म्हणाला.

"बसाया नाय आलो. तुजा निरोप मिळाला." चंदरला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत होता. "मी तसं बोलू शकत नाय, नागू. माज्या मनात हाय. तू मुद्दाम नाय केलंस, ते मला ठावं हाय. तरीबी हाय. जाईल असं वाटलं होतं. नाय गेलं. आता जाईल असं वाटत नाय."

नागूने दोर खाली ठेवला.

"पण तू राब लाव," चंदर पुढे म्हणाला. "तुज्या बांधावर मी येईन. पयला येईन आन शेवटी उठीन. मनात काय हाय त्याचा सावडीशी संबंद नाय. तुज्या आळीतलं कुणी माणूस जळू नये, येवडं मला पायजे. ते खोटं नाय."

नागू ओटीवरून उतरून त्याच्यासमोर आला. मग म्हणाला, "तू 'कायबी नाय' बोलला असतास, तर मला पटलं नसतं रं." त्याने मोतीबाईकडे पाहिले. "मी उगाच मागत होतो. कुणीतरी बोलावं असं वाटायचं. झोप येत नाय मला, चंदर."

"मलाबी नाय," चंदर म्हणाला, आणि वळून निघाला.

त्या आठवड्यात नागूने राब रचला. त्याच खाचरात, गोठ्याच्या जागी आता मोकळे जोते होते, त्याला लागून. आळी आणि वाडी दोन्ही बांधावर आली. हरेशने टेंपोतून ड्रम उतरवले. गोणपाटे भिजवून ओळीने ठेवली गेली. दत्ताला गटात परत घेतले होते, त्या आनंदात तो साऱ्यांना सूचना देत होता आणि कुणी ऐकत नव्हते. दर्शनाने दोन्हीकडच्या तरुण सुनांना वाऱ्याच्या बाजूला उभे केले. चंदर सर्वांच्या आधी येऊन जोत्याच्या बाजूच्या कोपऱ्यात उभा राहिला होता. तिथे दुसरे कुणी उभे राहू धजले नसते.

नागूने चूड हातात घेतली. ती कडेला लावताना ज्योत दोनदा गवतापर्यंत पोचून मागे आली. चंदरने दुसरीकडे पाहिले. शेवटी मोतीबाई पुढे झाली, नवऱ्याचे मनगट दोन्ही हातांनी धरले, आणि दोघांनी मिळून राब पेटवला.

आग वाऱ्याच्या विरुद्ध सरपटत गेली. धूर आला, दाटला, विरळ झाला, थांबला. कुणी उठले नाही. उन्हे चढली आणि उतरली. पश्चिमेचा वारा सुटला, तेव्हा मातीतून एका ठिकाणी लाल डोळा उघडल्यासारखा झाला. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने तो पाहिला आणि "आगा बाबो!" म्हणून तो मागे सरला. धूर केव्हाच थांबला होता. दोन पोरींनी गोणपाट टाकले, चुर्र झाले. साऱ्यांच्या नजरा नकळत रिकाम्या जोत्याकडे गेल्या, आणि लगेच खाली वळल्या. तीन वर्षांपूर्वी याच वेळी, याच वाऱ्याला, इथे एक ओले गोणपाट पुरले असते, हे साऱ्यांना दिसत होते. नागू बांधावर बसला. त्याने तोंड गुडघ्यांत घातले. चंदर जागचा हलला नाही. मातीकडे पाहत, हातात हंडा धरून, तो उभाच होता.

मोतीबाईने सर्वांना चहा दिला. चंदरपुढे कप धरला तेव्हा तो म्हणाला, "नको, वैनी." तिने कप त्याच्या पायांशी, बांधावर ठेवला. आपण तो घ्यावा असे त्याला खरोखर वाटत होते. त्याने एकदा वाकून हातही पुढे केला. मग तो हात तसाच पुढे नेऊन त्याने मातीवर ठेवला.

माणसे एकेक करून गेली. माती गार झाली होती. नागूने तळहात ठेवून पाहिले, चंदरने पुन्हा ठेवून पाहिले. दिवस मावळत होता. बौद्धवाडीकडे जायची जवळची वाट नागूच्या अंगणातून होती; दुसरी ओढ्याकडून. मोतीबाई म्हणाली, "भावजी, अंगणातनं जावा. वड्याकडनं लांब पडंल, अंदार व्हतोय."

"जातो वड्याकडनंच," चंदर म्हणाला. आवाजात राग नव्हता. हंडा खांद्यावर घेऊन तो बांध उतरला.

नागू त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला, आणि ती ओढ्याच्या वळणावर दिसेनाशी होण्याआधी त्याने ओरडून विचारले, "उद्या कुणाचा राब रं?"

"दत्ताचा," खालून उत्तर आले. "लवकर ये."