मराठीत दिलेला शब्द

जालन्याच्या प्लॅटफॉर्मवर पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा गाडी यायची होती. मग गाडी आली, थांबली, तिनं शिटीही दिली, तरी प्रार्थना चालूच. चर्चमधली पंधरावीस माणसं मला सोडायला आली होती. "हे प्रभू, आमची ही लेक त्या मोठ्या नगरात जात आहे..." इथपर्यंत पाळकसाहेब पोहोचले आणि डबा हलला. डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसांमधून बाबांनी मला दंडाला धरून अक्षरशः आत ढकललं आणि मागून बॅग फेकली. आईचे डोळे तेव्हाही मिटलेलेच होते. सगळ्यांचं "आमेन" मला दारात उभं राहून लांबून ऐकू आलं. घरी ही गोष्ट निघाली की आम्ही अजून हसतो, पण मला जाताना बघायचं राहिलं, ही रुखरुख आईच्या मनातून गेलेली नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. जालन्यात राहिलात त्यांच्यासाठी, आणि पुण्याला, दुबईला किंवा माझ्यासारखं दिल्लीला गेलात त्यांच्यासाठीही. गेल्या वर्षी तुमच्यातल्या कितीतरी जणांनी मला विचारलं, "एस्तेर, परत येतेयस म्हणे?" मी येत नाहीये. का येत नाहीये ते एकदाच सगळं सांगते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

बाबा मोजणी खात्यात होते हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणाच्या शेताची हद्द मोजायची असली की शाळेच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर बांधावरून हिंडायचे. त्या नादानंच मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि नोएडातल्या एका कंपनीत नकाशे करायच्या नोकरीला लागले. नोएडा म्हणजे दिल्लीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पहिल्या दिवशी मला एका बाईंच्या शेजारी खुर्ची दिली आणि साहेब म्हणाले, "इनका देख के सीख लो." माझं प्रशिक्षण ते एवढंच. बाई चांगल्या होत्या, पण त्यांनाही कुणीतरी असंच कुणाच्या तरी शेजारी बसवलेलं होतं. त्यांच्या चुका मी निष्ठेनं शिकले आणि त्या सुधारायला मला काही वर्षं लागली.

तेव्हापासून मी मयूर विहारला राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मराठी बोलायला कुणी नाही. दिल्लीत माझं नाव ऐकलं की लोक विचारतात, "आप केरल से हैं?" महाराष्ट्र म्हटलं की म्हणतात, "अच्छा, गोवा की तरफ़." इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला गेले तर आपलीच मराठी माणसं नाव ऐकून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागायची आणि मी मराठीत उत्तर दिलं की कौतुकानं म्हणायची, "वा, मराठी छान बोलता तुम्ही." यावर काय म्हणायचं असतं? मी प्रसाद घेऊन घरी यायचे.

म्हणून कारखानीस सरांचं मला एवढं अप्रूप वाटलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख म्हणून आले, हजेरीपटावरचं माझं आडनाव वाचलं आणि मराठीत म्हणाले, "साळवे? म्हणजे मराठवाड्यातली का तू? जेवलीस का?" दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण मला कुणी ऑफिसात असं विचारलं नव्हतं. सरांच्या तीन पिढ्या दिल्लीतच गेल्या. त्यांचं मराठी 'यार' आणि 'बिल्कुल'नं भरलेलं, काही शब्द तर त्यांना माहीतच नव्हते, बांध म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं. पण त्यांना मराठीपणाचा अभिमान फार. पानिपतला आमची टीम गल्ल्या तपासायला निघाली की ते हळवे व्हायचे, आणि दिल्लीतलं हिंदूराव हे नुसतं हॉस्पिटलचं नाव नसून आपल्या एका मराठा सरदाराचं नाव आहे, हे त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. आम्हा दिल्लीकर मराठी लोकांच्या अभिमानाच्या जागा म्हणजे एक हरलेली लढाई आणि एक म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल, असं मी त्यांना चिडवायचे. तेही हसायचे. माझ्या टेबलाशी रोज येऊन मराठीत चार वाक्यं बोलल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही आणि खरं सांगायचं तर माझाही व्हायचा नाही.

मग आमच्या कंपनीला मराठवाड्यातल्या गावांचे नकाशे करायचं मोठं काम मिळालं. त्यासाठी शिकलेली माणसं हवी होती आणि तशी कुठेच नव्हती. सर माझ्याकडे आले. "एस्तेर, युरोपात नकाशे करणारी माणसं कशी तयार करतात ते नीट बघ. एकेक देश घे, कंपेअर कर. आपण तसं ट्रेनिंग सेंटर काढू या. आणि यार, तू जालन्याची, तर सेंटर जालन्यालाच. तू चालव. डन समज."

शेजारच्या टेबलावर तनेजा बसतात, पंजाबी, माझ्याच वयाचे. त्यांच्यासमोरच हे बोलणं झालं. त्या दिवशी मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभीच राहिले, इतकी आनंदात होते.

त्या कामाला मी जसं वाहून घेतलं तसं आयुष्यात दुसऱ्या कशाला घेतलं नसेल. शनिवार-रविवार त्यातच जायचे. जर्मन आणि फ्रेंच कागद फोनच्या भाषांतरावर वाचायचे, परदेशी शिक्षकांना मेल लिहायचे. इटलीत म्हणे पोरं चौदाव्या वर्षीच या शिक्षणाची शाळा धरतात, मग जुन्या जाणत्याच्या हाताखाली काम करतात आणि नंतर सरकारी परीक्षा देतात. चौदाव्या वर्षी मी रविवारच्या शाळेच्या नाटकात मेंढी होत होते. फ्रान्समध्ये बारावीनंतर दोन वर्षं कॉलेज आणि मधे काही आठवडे प्रत्यक्ष काम. नेदरलँड्समध्ये शाळेतून शिका नाहीतर कामावरून शिका, शेवटचा कागद एकच, कुणी त्यात उच्चनीच करत नाही. स्वित्झर्लंडमध्ये चार वर्षं. जर्मनीत तीन, त्यात आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे ऑफिसात, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पगार.

जर्मनीच्या एका शाळेतल्या बाई व्हिडिओ कॉलवर भेटल्या. मी त्यांना विचारलं, "मालकानं मुलीला कामाला जुंपलं आणि शिकवलंच नाही तर?" त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या, "पण काय शिकवायचं, कधी शिकवायचं, ते आधीच करारात लिहिलेलं असतं. नाही शिकवलं तर ती तक्रार करेल." परीक्षाही मालक एकटा घेत नाही, तिथे बाहेरची माणसं बसतात. हे मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं: आधी लेखी करार, मग काम. आता हे आठवलं की मला स्वतःचंच हसू येतं आणि रडूही. पाच देशांतल्या पोरांचे करार मी बारकाईनं वाचत होते आणि माझ्या स्वतःच्या हातात कागदाचा चिटोराही नव्हता. तो मागावा असं मनातसुद्धा आलं नाही. सरांकडे लिहून मागणं म्हणजे घरी जेवू घातलेल्या माणसाला पावती मागण्यासारखं वाटलं असतं. सरांचे हुकूम नेहमी इंग्रजीत मेलवर यायचे आणि वचनं नेहमी मराठीत, तोंडी. यात काही गोम आहे असं मला कधी वाटलं नाही. मला तर त्यातली दुसरी गोष्टच जास्त पक्की वाटत होती.

घरी सांगितलं तेव्हा आईनं रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना करवली. म्हणून तर तुम्हा सगळ्यांना कळलं. बाबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवलं आणि आधी पुढच्या खोलीला प्लास्टर करून घेतलं, पूर्वेला मोठी खिडकी पाडली. "एस्तूला टेबलावर उजेड लागेल," म्हणाले. आईचे गुडघे, बाबांचे डोळे, यांच्यासाठी मला परत जायचं होतं. आणि यांच्याशिवायही जायचं होतं. सकाळी उठून खिडकीतून कुणाला तरी मराठीत हाक मारावी, एवढ्यासाठीसुद्धा.

अहवाल वरच्या साहेबांपुढे मांडायच्या मीटिंगला मी नवी साडी नेसून गेले. सर पडद्यापाशी उभे राहून इंग्रजीत बोलले, छान बोलले. सेंटर ग्रेटर नोएडात होणार होतं. ते चालवायला कुणीतरी हॉलंडमध्ये काही महिने शिकून आलेले गृहस्थ ठरले होते, कारण युरोपच्या धर्तीवर प्रमुखाकडे युरोपचं सर्टिफिकेट हवं. ते माझ्याकडे नाही हे तर उघडच होतं. जर्मनीची तीन वर्षं सरांनी तशीच ठेवली होती, फक्त शाळेचे दिवस काढून टाकले होते. करारही ठेवला होता, पण काय शिकवायचं ते त्यातून गेलं होतं आणि तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, एवढंच उरलं होतं. नव्या पोरापोरींना 'ट्रेनी' म्हणून घ्यायचं आणि पूर्ण काम करून घ्यायचं, हा त्याचा अर्थ. माझी वाक्यं, माझे तक्ते पडद्यावर एकामागून एक येत होते आणि शेवटी बारीक अक्षरांत 'टीमच्या सहकार्यानं' असं लिहिलेलं होतं.

मी उभी राहिले. हिंदीत म्हटलं, "सर, आपने तो कहा था सेंटर जालना में होगा, और मैं देखूँगी."

सर शांतपणे म्हणाले, "एस्तेर, ऐसी तो कोई बात नहीं हुई थी."

मी तनेजांकडे बघितलं. ते खरंच भले गृहस्थ आहेत. अवघडून म्हणाले, "बात तो रोज़ होती थी सर, मेरे सामने ही होती थी. पर मराठी में होती थी. मुझे तो बस 'जालना' समझ में आता था."

"ये जालना है क्या?" वरच्या साहेबांनी विचारलं आणि खोलीत हशा पिकला. सरही हसले. मी खाली बसले.

दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. तोच आवाज, तेच मराठी. "अगं, मनाला लावून नको घेऊस. वरून प्रेशर होतं, यार. आपण घरचीच माणसं ना?"

मी म्हटलं, "सर, हिंदी में बोलिए. तनेजाजी को भी समझना चाहिए."

ते वळून आपल्या केबिनमध्ये गेले. त्यानंतर ते माझ्याशी इंग्रजीत बोलतात, कामापुरतं. मी नोकरी सोडलेली नाही, या वयात सोडून जाऊ कुठे? आता नव्या ट्रेनी मुली माझ्या शेजारी बसवतात. मी त्यांना जमेल तेवढं नीट शिकवते आणि पहिल्याच दिवशी सांगते, कुणी जे कबूल करेल ते मेलवर मागून घ्या.

राग मला सेंटर गेल्याचा नाही, अहवालावर माझं नाव नसल्याचाही नाही. तनेजांनी किंवा वरच्या साहेबांनी फसवलं असतं तर मी चार दिवस चिडचिड केली असती आणि विसरले असते. पण या माणसानं मला माझ्या भाषेत फसवलं. दिल्लीत माझ्याजवळ तेवढं एकच घरचं होतं आणि तेच त्यानं वापरलं. परवा मेट्रोत मागच्या बाजूला कुणीतरी फोनवर मराठी बोलत होतं. पूर्वी मी वळून हसले असते, ओळख काढली असती. परवा मी वळले नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

घरी सांगायला मी आठवडाभर टाळलं. मग रविवारी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं. आईनं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सरांचा नंबर मागितला. "दे मला, मी बोलते त्या मेल्याशी. तोंड वर करून खोटं बोलतो? आणि तू काय केलंस? खाली बसलीस? इथं असतीस तर गल्ली गोळा केली असती आपण त्याच्या दारात!" ती बराच वेळ सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर त्यांना वेगळी प्रार्थना करावी लागली असती. मी फोन कानाला लावून रडत होते आणि मधेच हसतही होते.

घर म्हणजे काय, हे पूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मी आपली भाषा म्हटलं असतं. आता तसं म्हणवत नाही. भाषा कुणीही बोलतं. कुणी शब्द फिरवला तर तो काय बोलला होता हे जिथे आजूबाजूच्या सगळ्यांना कळलेलं असतं, ते घर. आणि ते मला दिल्लीत नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

फोन ठेवण्याआधी बाबा पुन्हा लाइनवर आले. "एस्तू, नर्सिंगच्या दोन मुली खोली विचारत होत्या. पुढची. मी थांबवून ठेवलंय त्यांना." मग म्हणाले, "देऊ का गं?"

मी म्हटलं, "द्या, बाबा."